सूर्यघड्याळाला परवानगी कोणाची हवी?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त, नाव न छापण्याच्या विनंतीसह):

मी कोल्हापूर शहराला लागून असलेल्या गावातील एका अनुदानित शाळेत भूगोल शिकवते. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने शाळेला सूर्यघड्याळ भेट द्यायचे ठरवले. ध्वजस्तंभाशेजारी जमिनीलगत दगडी चौथरा आणि त्यावर मीटरभर लांबीचे पितळी त्रिकोणी पाते अशी कल्पना होती. रेखाचित्र सोबत जोडले आहे. मुख्याध्यापकांनी सावधगिरी म्हणून वरिष्ठ कार्यालयाला ‘मार्गदर्शन मिळावे’ असे पत्र पाठवले आणि तेथून प्रश्नांची रीघ लागली. पात्याने इजा झाल्यास जबाबदार कोण? चौथऱ्याचे स्टॅबिलिटी सर्टिफिकेट कोठे आहे? मुले सूर्याकडे टक लावून पाहतील, त्याचे काय? जागेचा नकाशा, संस्थेचा ठराव, ना हरकत दाखला, देणगीदारांचे हमीपत्र, अशी प्रत्येक वेळी नवी त्रुटी निघते आणि ‘पूर्तता करून फेरसादर करावे’ हा शेरा घेऊन फाईल परत येते. जूनपासून हेच चालले आहे. आता संस्थेचे सचिव म्हणतात, ‘त्यापेक्षा त्या पैशांतून वॉटर कूलर घ्या.’ मुलांना सावलीवरून वेळ शिकवायला एवढ्या परवानग्या लागाव्यात, याचा संताप येतो. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू का?

उत्तर:

बाई, सप्रेम नमस्कार.

पत्रापेक्षा आधी मी सोबतचे रेखाचित्र पाहिले, आणि माझ्या उत्तराची सुरुवात तेथूनच करावी लागेल, कारण तुमच्या कार्यालयातील एकाही शेऱ्यात न आलेली एक त्रुटी त्यात आहे. सूर्यघड्याळाच्या पात्याची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर असावी लागते, म्हणजेच जमिनीशी तिचा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका असावा लागतो. कोल्हापूरचा अक्षांश सुमारे 16.7 अंश उत्तर आहे. जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्राची कड सुमारे 27 अंशांत चढते, कारण जयपूर तेवढे उत्तरेला आहे. तुमच्या रेखाचित्रातील पाते मी कोनमापक लावून पाहिले, तर ते 50 अंशांच्या आसपास भरले. कोणीतरी ते इंटरनेटवरून जसेच्या तसे उतरवून घेतले असावे. असे पाते 51.5 अंशांवरच्या लंडनमध्ये चालले असते. कोल्हापुरात ते माध्यान्ह सोडल्यास एकही तास धड दाखवणार नाही.

आता याच चुकीकडे सुरक्षिततेच्या बाजूने पाहा. पायाशी मीटरभर लांबीचे पाते 50 अंशांत उभे राहिले की त्याचे टोक जमिनीपासून जवळजवळ 120 सेंटिमीटरवर येते, आणि पाचवी-सहावीच्या मुलांचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. पितळेचे, टोकदार, मैदानाच्या मधोमध, ध्वजस्तंभाशेजारी, जेथे प्रार्थना संपल्यावर दोन-तीनशे मुले एकदम वर्गांकडे धावत सुटतात. टोकाबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला अक्षांशाशी काही देणेघेणे नसेल, पण त्याचा प्रश्न रास्त होता. हा कागद माझ्या टेबलावर आला असता, तर मीही त्यावर सही केली नसती.

कोल्हापूरच्या अक्षांशाप्रमाणे पाते दुरुस्त केले, तर मीटरभर लांबीला त्याची उंची जेमतेम 30 सेंटिमीटर भरते. डोळ्यांचा धोका गेला, पण आता ते बरोबर नडगीच्या उंचीवर आले, आणि मैदान मोकळे दिसले की चेंडू टाकणारी आपल्याकडची मुले पाहता (कोल्हापुरात मैदान आधी फुटबॉलचे असते, मग शाळेचे) त्यावर कोणी ना कोणी अडखळून पडणार, हेही नक्की. तेव्हा मैदानाच्या मध्यावर पात्याचे घड्याळ हा विचार आपण दोघांनीही सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांना सावलीवरून वेळ शिकवण्याचा विचार मात्र सोडण्याचे काहीच कारण नाही.

शाळांच्या सुरक्षिततेबाबतची ही कागदपत्रे कोणाला छळण्यासाठी जन्माला आलेली नाहीत, हेही आपण लक्षात ठेवू. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या गवताच्या छपराला आग लागून 94 मुले गेली. त्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये देशभरातील शाळांना अग्निसुरक्षा आणि इमारतींच्या मजबुतीबाबत आदेश दिले, आणि स्टॅबिलिटी सर्टिफिकेट, ना हरकत दाखला हे शब्द शाळांच्या दप्तरात कायमचे आले. इमारतीसाठी ते योग्यच आहेत. पण छपरासाठी केलेला नियम जमिनीवरच्या फूटभर दगडालाही लावला जातो, कारण नियम लावल्याबद्दल आजवर कोणाची चौकशी झालेली नाही आणि न लावल्याबद्दल झालेली आहे. याला साप म्हणून भुई धोपटणे म्हणा, पण धोपटणाऱ्याच्या मनातली भीती खोटी नसते.

तुमच्या पत्रातील प्रश्नांपैकी सूर्याकडे टक लावून पाहण्याचा प्रश्न दोन वाक्यांत मिटतो. सावली नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते, त्यामुळे सूर्यघड्याळ वाचणाऱ्याला सूर्याकडे पाठच करावी लागते, आणि सूर्याविषयी शिकण्याचा याहून निर्धोक मार्ग माझ्या माहितीत नाही. उन्हात उभे राहण्याची शंका कोणी काढली, तर वेळ वाचायला मिनिटभरही लागत नाही आणि उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, एवढे सांगणे पुरेसे आहे.

खरा प्रश्न ‘जबाबदार कोण’ हा आहे, आणि तो मुख्याध्यापकांच्या पत्रानेच निर्माण केला. ‘मार्गदर्शन मिळावे’ असे लिहून पाठवलेल्या पत्राला कार्यालयात कोणीही ‘करा’ असे उत्तर देत नाही. ‘करा’ लिहिणारा जबाबदार होतो आणि ‘करू नका’ लिहिणाऱ्याला नियम दाखवावा लागतो. त्यामुळे ज्याच्या टेबलावर ते पत्र येते, त्याच्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे आणखी एक कागद मागणे. तुमच्या फाईलवर सहा महिन्यांत नकार आलेला नाही हे पाहा, केवळ पूर्तता मागितली गेली आहे. कबड्डीचे मैदान आखताना, खो-खोच्या रेषा मारताना किंवा भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवताना मुख्याध्यापकांनी वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवले होते का, हे त्यांना सौजन्याने विचारून पाहा.

आणि मार्ग तेथूनच निघतो. सूर्यघड्याळाचा एक प्रकार असा आहे की त्यात पाते नसते, चौथरा नसतो आणि जमिनीच्या वर एक सेंटिमीटरही काही उभे राहत नाही. जमिनीवर एक लंबवर्तुळ आखायचे, त्यावर तासांचे ठिपके द्यायचे, मध्ये उत्तर-दक्षिण अशी महिन्यांची पट्टी काढायची आणि त्या पट्टीवर चालू महिन्याच्या खुणेवर विद्यार्थ्याने स्वतः उभे राहायचे. त्याची सावली ज्या ठिपक्याच्या दिशेने पडेल, ती वेळ. पाते म्हणून मूलच उभे असल्याने टोकाचा प्रश्न उरत नाही, आणि बांधकामच नसल्याने स्टॅबिलिटी सर्टिफिकेट मागण्यासारखे काही उरत नाही. ही पळवाट नव्हे, कारण धोका कागदावरूनच नव्हे तर मैदानावरूनही नाहीसा होतो. शिवाय भूगोलाच्या दृष्टीनेही हा प्रकार मला पात्याच्या घड्याळापेक्षा सरस वाटतो. पात्याच्या घड्याळात महिना कळत नाही. येथे डिसेंबरात एका जागी उभे राहिलेले मूल मार्चमध्ये दुसऱ्या जागी उभे राहते, आणि सूर्य वर्षभरात दक्षिणोत्तर सरकतो हे त्याला आपल्या पायांनी कळते.

कोल्हापूरच्या अक्षांशासाठी मापे मी काढून देतो. एकूण रुंदी 3 मीटर धरा, म्हणजे मध्यबिंदूपासून पूर्वेला आणि पश्चिमेला 150 सेंटिमीटर. याहून मोठे करण्याचा मोह टाळा, कारण आपल्याकडे दुपारचा सूर्य बराच डोक्यावर असतो आणि मुलांची सावली ठिपक्यांपर्यंत पोहोचत नाही. मध्यबिंदूपासून सरळ उत्तरेला 43 सेंटिमीटरवर 12 चा ठिपका येईल. 11 आणि 1 हे ठिपके मध्यरेषेपासून 39 सेंटिमीटर बाजूला आणि 41.5 सेंटिमीटर उत्तरेला, 10 आणि 2 हे 75 बाजूला आणि 37 उत्तरेला, 9 आणि 3 हे 106 बाजूला आणि 30.5 उत्तरेला, 8 आणि 4 हे 130 बाजूला आणि 21.5 उत्तरेला, 7 आणि 5 हे 145 बाजूला आणि 11 उत्तरेला. सकाळचे तास पश्चिमेला आणि दुपारचे पूर्वेला येतात, कारण सकाळची सावली पश्चिमेला पडते. रंगाऱ्याकडून हे हमखास उलटे होते, तेव्हा तेथे तुम्ही स्वतः उभ्या राहा.

महिन्यांच्या पट्टीवर मध्यबिंदू हा 21 मार्च आणि 23 सप्टेंबरचा. तेथून दक्षिणेला 27 सेंटिमीटरवर 21 फेब्रुवारी आणि 21 ऑक्टोबर, 52 वर 21 जानेवारी आणि 21 नोव्हेंबर, आणि 62 वर 21 डिसेंबर. उत्तरेला 30 वर 21 एप्रिल आणि 21 ऑगस्ट, 53 वर 21 मे आणि 21 जुलै, आणि 62 वर 21 जून. मापे घेताना तुमच्या लक्षात येईल की जूनची खूण 12 च्या ठिपक्याच्याही पलीकडे, लंबवर्तुळाच्या बाहेर जाते. पाहणाऱ्याला ती चूक वाटेल, पण ती चूक नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. या दोन दिवसांच्या दरम्यान भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. मे महिना सुट्टीत जातो आणि जून-जुलै पावसात, म्हणून हे आपल्या मुलांच्या नजरेतून सुटते. जुलैमध्ये एखाद्या दुपारी पावसाने उघडीप दिली, तर वर्ग सोडून सर्वांना बाहेर आणा. लंडनच्या मुलांना ही दक्षिणेकडची सावली जन्मभर त्यांच्या गावात दिसणार नाही.

दिशा ठरवताना मोबाईलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका. जवळच्या ध्वजस्तंभाचे आणि काँक्रीटमधल्या सळ्यांचे लोखंड त्याला हमखास फसवते. 25 डिसेंबरला दुपारी 12 वाजून 33 मिनिटांनी मैदानात गवंड्याचा ओळंबा टांगा आणि त्याच्या दोरीची सावली ज्या रेषेवर पडेल, ती रेषा चुन्याने आखा. ती खरी उत्तर-दक्षिण रेषा. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, त्यामुळे मैदानही मोकळे मिळेल. पडताळणी म्हणून मुलांकडून आपली जुनी शंकूची रीत करून घ्या. जमिनीत सरळ काठी उभी करावी, तिच्याभोवती वर्तुळ काढावे, सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करते तेथे आणि दुपारी पुन्हा जेथे स्पर्श करते तेथे खूण करावी. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दिलेली आहे आणि तिला घड्याळही लागत नाही.

जागा निवडताना ध्वजस्तंभाशेजारची जागा सोडा, खेळाच्या रेषांपासून दूर, पण पायवाटेवर येणार नाही अशी जागा घ्या. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत इमारतीची किंवा झाडाची सावली तेथे येत नाही ना, हे डिसेंबरात तपासा, कारण त्या वेळी सावल्या उत्तरेकडे सर्वांत लांब पडतात. अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या वेळी, म्हणजे मावळतीची किरणे मंदिरात देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात त्या दिवसांत, मावळतीच्या वाटेत उभ्या राहिलेल्या इमारतींवरून दरवर्षी काय चर्चा होते, ती आपण कोल्हापूरकर वाचतोच, तेव्हा शेजारच्या प्लॉटवर मजला चढणार आहे का याचीही चौकशी केलेली बरी. आखणी साध्या ऑईलपेंटने केली, तर पावसाळ्यात ती घसरडी होईल आणि सुरक्षिततेचा नवा प्रश्न तुम्ही स्वतःच तयार कराल. ओल्या रंगावर बारीक चाळलेली वाळू पेरून घ्या, किंवा मैदानाच्या त्या भागात पेव्हर ब्लॉक असतील, तर तासांच्या जागी वेगळ्या रंगाचे ब्लॉक त्याच पातळीत बसवून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळ धरते, ते खराट्याने घासण्याचे काम कोणाकडे, हे आताच ठरवून ठेवा.

आता कागदांकडे येऊ. सर्वप्रथम, कार्यालयात पडून असलेला जुना प्रस्ताव जिवंत ठेवू नका. तो तसाच राहिला आणि तुम्ही आखणी केलीत, तर ‘परवानगी प्रलंबित असताना काम केले’ असा नवा शेरा येईल. मुख्याध्यापकांनी चार ओळींचे पत्र द्यावे: ‘संदर्भाधीन प्रस्तावातील धातूच्या पात्यासह दगडी सूर्यघड्याळ उभारण्याचा विचार विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने रद्द करण्यात आला आहे. सबब सदर प्रकरण नस्तीबद्ध करण्यात यावे, ही विनंती.’ असे पत्र कार्यालयाला फार आवडते, कारण त्यात त्यांचा आक्षेप मान्य झालेला असतो आणि त्यांच्या टेबलावरची एक फाईल कमी होते. आवक शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय मात्र तेथून उठू नका.

त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे ज्यांच्या मुलांच्या सुरक्षिततेविषयी सगळे बोलत आहेत, ते लोक प्रत्यक्ष बैठकीला हजर असतात. त्यांना मैदानात नेऊन खडूने आखलेले घड्याळ दाखवा, एखाद्या सदस्याला खुणेवर उभे करा आणि मगच ठराव मांडा. ठरावात ‘बसवणे’, ‘उभारणे’ असे शब्द येऊ देऊ नका, कारण तुम्ही काही उभारत नाही आहात. मजकूर साधारण असा असावा: ‘भूगोल व विज्ञान विषयांच्या अध्यापनासाठी मैदानाच्या अमुक भागात जमिनीच्या पातळीत रंगाने सूर्यघड्याळाची आखणी करणे, सदर आखणीत जमिनीच्या वर कोणतीही वस्तू असणार नाही, वापर शिक्षकांच्या उपस्थितीत होईल, आणि रंगाची देखभाल अमुक शिक्षक पाहतील.’ देखभालीसाठी तुमचेच नाव लिहा. ‘जबाबदार कोण’ या प्रश्नाचे उत्तर एखाद्या नावाने दिले गेले की तो प्रश्न बहुतेक वेळा तेथेच थांबतो, आणि येथे ती जबाबदारी पेलण्याजोगीही आहे.

ठरावाची प्रत संस्थेच्या सचिवांना द्या आणि कार्यालयाला ‘माहितीस्तव सविनय सादर’ म्हणून पाठवा. त्यात प्रश्न विचारू नका, मान्यता मागू नका. ज्या पत्राला उत्तर द्यावे लागत नाही, ते दप्तरी दाखल होते. यावरही कोणी तोंडी हरकत घेतली, तर ती लेखी द्यावी आणि कोणत्या शासन निर्णयाप्रमाणे किंवा परिपत्रकाप्रमाणे ही परवानगी लागते ते कळवावे, अशी नम्र विनंती मुख्याध्यापकांनी करावी. या विनंतीनंतर पुष्कळ हरकती विरून जातात.

माहिती अधिकाराच्या अर्जाचे विचारलेत. दहा रुपयांचा अर्ज आहे, 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे, आणि ‘ही परवानगी कोणत्या नियमान्वये आवश्यक आहे, त्याची प्रत द्यावी’ हा प्रश्नही नेमका आहे. तरीही आज तो टाकू नका, आणि तुमच्या नावाने तर मुळीच नको. ज्या कार्यालयातून तुमच्या वेतननिश्चितीची आणि रजेची प्रकरणे जातात, तेथे रंगाच्या ठिपक्यांसाठी वैर घेण्यात अर्थ नाही. शासकीय कामातील विलंबाला प्रतिबंध करणारा 2005 चा राज्याचा कायदाही आहे, आणि सर्वसाधारण फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे तो सांगतो. पण तुमची फाईल पडून राहिलेली नाही, ती व्यवस्थित फिरते आहे, आणि त्या फिरण्यावर कायद्यात औषध नाही. तुमची खरी अडचण प्रस्तावात होती. ती दूर झाल्यावर या दोन्ही कायद्यांची गरज पडेल असे मला वाटत नाही.

उद्घाटनाबाबत एक सावधगिरीची सूचना. सचिव किंवा एखादे साहेब खुणेवर उभे राहतील, सावली पाहतील, मग मनगटावरचे घड्याळ पाहतील आणि ‘हे तर चुकते आहे’ म्हणतील. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि कोल्हापूर सुमारे 74.25 अंशांवर, म्हणून आपली स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या 33 मिनिटे मागे असते. त्यात पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कललेल्या अक्षामुळे वर्षभर बदलणारी दुरुस्ती मिळवावी लागते. घड्याळाच्या मानाने सावली फेब्रुवारीच्या मध्यात सुमारे 47 मिनिटे मागे असते आणि नोव्हेंबरच्या आरंभी अवघी 17. 26 जानेवारीला उद्घाटन ठेवलेत, तर झेंडावंदनानंतर मनगटावर नऊ वाजले असताना सावली सव्वाआठच्या जवळ असेल. पाहुण्यांना हे आधी सांगा, आणि आखणीशेजारी महिनावार दुरुस्तीचा फलक लावा. काही जण तासांचे ठिपकेच 33 मिनिटांनी सरकवून आखतात. तुम्ही तसे करू नका. प्रमाणवेळ आणि स्थानिक वेळ यांतला फरक पाठ्यपुस्तकात वाचून मुलांच्या डोक्यात शिरत नाही, तो या न जुळणाऱ्या वेळेमुळे शिरेल. किरणोत्सवाचेच उदाहरण द्या. नोव्हेंबरातील 9 ते 11 आणि जानेवारी-फेब्रुवारीतील 31 ते 2 या दोन्ही वेळी सूर्य आकाशात जवळजवळ त्याच वाटेने मावळतो, तरीही आपल्या घड्याळात दोन्ही वेळच्या सूर्यास्तांत सुमारे अर्ध्या तासाचा फरक पडतो. हा फरक कोठून आला, हे नववीच्या मुलांना शोधू द्या.

राहिले माजी विद्यार्थी. त्यांना दगड आणि पितळ द्यायचे आहे, त्यावर तुकडीचे नाव हवे आहे, आणि ही इच्छा गैर नाही. त्यांच्यासाठी भिंतीवरचे सूर्यघड्याळ सुचवा. शाळेची दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत असेल, तर तीवर दहा फूट उंचीवर दगडी तबकडी आणि तीतून बाहेर आलेली सळई बसवता येते. ही सळई भिंतीतून जवळजवळ सरळ बाहेर येते आणि टोकाकडे सुमारे 17 अंश खाली झुकते. टोक गोल करून, घट्ट बसवून घेतलेली सळई उद्यमनगरात कोणताही टर्नर करून देईल. तेथे कोणाचा हात पोहोचत नाही, खाली कोणी अडखळत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या भिंतीवर ऊनच येणार नाही, पण त्यातला निम्मा काळ शाळा बंद असते आणि उरलेल्या काळात सूर्यही क्वचितच दिसतो. भिंत अचूक दक्षिणेला नसेल, तर तासांच्या रेषा नव्याने काढाव्या लागतात, त्यासाठी शिवाजी विद्यापीठाच्या भूगोल विभागात किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात जाऊन या, आणि रेषा तपासल्याचे पत्र त्यांच्याकडून घ्या. या कामाला मात्र संस्थेची लेखी संमती आणि अभियंत्याचा एक दाखला घ्यावाच लागेल, कारण भिंतीत काही रोवले की ते बांधकाम झाले आणि डोक्यावर दगड असताना तो दाखला मागणे योग्यच आहे. जमिनीवरच्या आखणीने एक पावसाळा काढल्यावरच हा विषय संस्थेपुढे न्या, आणि तोवर माजी विद्यार्थ्यांना दगडाची आगाऊ रक्कम कोणाला देऊ देऊ नका.